आधी ते भोक बुजवा!

गेले पाच आठवडे रोज रात्री पावणेदोनला माझ्या डोक्यावर धावपळ सुरू होते. पॉसम, म्हणजे इथला झाडांवर राहणारा, पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. मांजराएवढा जीव, पण छताच्या पातळ प्लास्टरबोर्डवरून धावला की घरात चोर शिरल्यासारखं वाटतं. वर घशातून काढलेला तो खरखरीत आवाज. बेडरूमच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडलाय, दर आठवड्याला पसरतोय, आणि दुपारच्या उन्हात त्याचा असा उग्र दर्प सुटतो की जेवण जात नाही. तरीही मला त्या पॉसमचा राग येत नाही. माझा संताप झालाय तो माणसांवर!

मेलबर्नच्या पूर्वेला आम्ही भाड्याने राहतो. जुनं लाकडी घर, वर कौलं. मागच्या बाजूला वळचणीची एक फळी कुजून लोंबतेय, तिथे दोन मुठी जातील एवढं भोक. बाजूच्या निलगिरीची फांदी थेट पन्हळीवर टेकलेली. म्हणजे जिना लावलेला आणि दार उघडं. पहिल्याच दिवशी मी एजंटला फोटो आणि व्हिडिओ पाठवून लिहिलं की फांदी छाटा आणि फळी बदला. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. लेखी कळवल्यापासून १४ दिवसांत दुरुस्ती करून द्यायची असा इथला नियम आहे. चौदाव्या दिवशी आला कोण? पिंजरा घेतलेला एक माणूस! मालकाला तो सुतारापेक्षा स्वस्त पडला म्हणे.

अहो, पिंजऱ्यालाही माझी ना नव्हती, रीतीने लावला असता तर. पिंजरा संध्याकाळी लावायचा, आत सफरचंदाची फोड ठेवायची, वरून गोणपाट टाकायचं, कारण अंधारात जनावर गप्प बसतं. उजाडल्याबरोबर जाऊन बघायचं, दिवसभर गार सावलीत ठेवायचं आणि सूर्य मावळला की त्याच दिवशी, त्याच आवारात, पकडलं तिथून ५० मीटरच्या आत सोडायचं. व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या या राज्यात, १९७५च्या वन्यजीव कायद्याने पॉसमला संरक्षण आहे. पिंजऱ्याची मुभा आहे ती फक्त इमारतीत शिरलेल्या, झुपकेदार शेपटीच्या ब्रशटेल जातीच्या पॉसमपुरती. परसातले गुलाब खातो म्हणून त्याला पकडता येत नाही, आणि लहानखुऱ्या रिंगटेल जातीच्या पॉसमला तर परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. मी दिवसभर हिशेबाचे कागद बघणारी बाई, मला हे दोन संध्याकाळी वाचून कळलं. त्याचं तर पोट यावर चालतं!

त्याने पिंजरा कौलांवर ठेवला, वरून गोणपाटही न टाकता. "सकाळी येतो," म्हणाला आणि गेला. सकाळ झाली, दहा वाजले, फोन उचलेना. त्या दिवशी पारा ३७ वर होता. शेवटी मीच शिडी लावून वर चढले. आत पॉसमची मादी होती. जाळीवर घासून घासून तिच्या नाकाचा गुलाबी शेंडा सोलवटला होता, तारेवर रक्त वाळलं होतं. तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. शेपटीचा काळा झुपका गजांतून बाहेर आलेला, निपचित. आणि पोटावरच्या पिशवीशी काहीतरी हललं. एक इवलंसं नाक. पिल्लू होतं हो आत! माझे हात कापायला लागले. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेविकेला फोन लावला. ती शांतपणे सांगत गेली: ओलं गोणपाट घाल, सावलीत उतरव, आत बोट घालू नकोस, ताटलीत पाणी सरकव. तसं केलं.

चार वाजता हा पिंजरेवाला उगवला. म्हणतो, गाडीत टाकतो, तीस किलोमीटरवर जंगल आहे, तिथे सोडतो, परत येणार नाही. अरे, परत कशी येईल, मरेल ना ती! ब्रशटेल आपापली हद्द धरून राहतात. अनोळखी रानात प्रत्येक ढोलीवर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क असतो, खायचं कुठे आणि लपायचं कुठे हे तिला ठाऊक नसतं, कोल्हे असतात. लांब नेऊन सोडलेले बहुतेक पॉसम जगत नाहीत, म्हणून तर ते बेकायदेशीर आहे. शिवाय इथली हद्द रिकामी झाली की चार दिवसांत दुसरा पॉसम त्याच भोकातून आत. मी पिंजऱ्यापुढे उभी राहिले, नेऊ दिला नाही. तो फेरीचे पैसे लावून निघून गेला. अंधार पडल्यावर मी पिंजऱ्याचं दार उघडलं. ती क्षणभर थांबली आणि सरसर निलगिरीवर चढली.

आणि आमची मराठी मंडळी! ग्रुपवर लिहिलं तर एक काका म्हणतात, "अगं, डॅन्डेनॉन्गच्या डोंगरात सोडून ये, कोण बघतंय?" दुसऱ्याचा सल्ला, न्यूझीलंडमध्ये तर मारतातच की. काका, न्यूझीलंडमध्ये तो १८३७ साली फरच्या धंद्यासाठी इथूनच नेऊन सोडला, तिथली झाडं आणि पक्ष्यांची अंडी खातो, म्हणून तिथे तो उपद्रवी. इथे तो मूळचा रहिवासी आहे. निलगिरीला राहण्याजोगी ढोली पडायला शंभर वर्षं लागतात. तशी झाडं तोडून आपण घरं बांधली, मग तो छतात नाही येणार तर कुठे जाणार?

कोकणात आमच्या माळ्यावर उदमांजर यायचं. आजोबा त्याच्यामागे काठी घेऊन कधी धावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर चढून सरकलेलं कौल नीट बसवायचे, झालं काम.

इथेही तेच करायचंय. फांदी छाटून छतापासून दीड मीटर मोकळं करा. बाकीच्या फटी बुजवा. मुख्य भोकावर फक्त बाहेरच उघडणारी झडप बसवा, रात्री ती चरायला गेली की आत येता येणार नाही. मात्र आधी बघा, पिल्लू आत एकटं राहिलेलं नाही ना. मग भोकात वर्तमानपत्राचा बोळा खुपसा, दोन-तीन दिवस हलला नाही की फळी ठोका. झाडावर लाकडी पेटी टांगलीत तर तिलाही घर मिळेल. पेटी मी माझ्या पैशाने आणते म्हटलं, तरी उत्तर नाही.

उत्तर आलं ते काल. एजंटबाई लिहितात, "प्राणी काढण्यात आला असून तक्रार बंद करण्यात येत आहे." कुठे काढलाय? ती त्याच रात्री परत आली, त्याच भोकातून, पिल्लासकट! फळी अजून लोंबतेय, फांदी अजून पन्हळीवर टेकलीय. आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीत, वर तिची खरखर चालू आहे आणि मी त्याच भोकाचा फोटो सहाव्यांदा पाठवतेय.