गल्लीतला दवाखाना आणि पाच लाखांचं कार्ड

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमधल्या हजाराहून जास्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यांच्या डागडुजीसाठी १० कोटी २० लाख पौंड जाहीर केले. मी लेस्टरला राहते. इंदूरला घरी फोनवर ही बातमी सांगितली आणि तिथे वादच पेटला. रामबागेतला माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘दवाखाने रंगवून काय होणार? परवडतं तो खासगीत जातो, नाही परवडत तो एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, रांगेत. आणि आता पाच लाखांचं कार्ड आहेच ना!’’ असं म्हणणारे इंदुरात पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही.

आधी कार्डाचं बघू. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. ओपीडीतली तपासणी आणि रोजची गोळी त्यात बसत नाही. माझ्या आत्याला शुगर आहे, बीपीही आहे. तिचा सगळा खर्च त्या गोळ्यांचा आणि रक्ताच्या तपासण्यांचा. उद्या किडनी बिघडून तिला भरती केलं, तर कार्ड कामाला येईल. ती बिघडूच नये म्हणून जे करायचं, ते मात्र तिला पायी जाता येईल अशा दवाखान्यातच व्हायला हवं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातले संजीवनी क्लिनिक, म्हणजे शहरी वस्त्यांमधले सरकारी दवाखाने, सुरू झाले तेच मुळी इंदुरातून. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी २०२१ ते २०२६ या काळात ७०,०५१ कोटींची शिफारस केली, त्यातले २६,१२३ कोटी शहरांसाठी. गाडी अडते ती नंतर. इमारतीचा पैसा एकदा येतो, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो. डॉक्टर बहुधा करारावरचा, तरुण, पीजीची तयारी करणारा. त्याला प्रवेश मिळाला की तो जातो, आणि त्याच्या जागी दुसरा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. आत्याचं असंच झालं. ओळखीचा डॉक्टर गेला, मग नर्सबाई जुन्याच गोळ्या देत राहिल्या आणि शेवटी आत्याने तिथे जाणं सोडलं. त्या दवाखान्याचा रंग अजून नवा आहे.

इंग्लंडमधलं चित्र जवळजवळ उलटं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने आरोग्यसेवेची पाहणी करायला नेमलेले डॉक्टर लॉर्ड दारझी यांच्या अहवालाने सांगितलं की प्राथमिक सेवेच्या इमारतींपैकी २० टक्के १९४८ च्या, म्हणजे एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या जन्माच्याही आधीच्या आहेत. माझा जीपीसुद्धा एका जुन्या राहत्या घरात बसतो. वेळ मिळवायची तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि वाट बघायची. लोक वैतागतात, मीही वैतागते. तरी आत्याचं झालं तसं इथे सहसा होत नाही, कारण माझं नाव त्या दवाखान्याच्या यादीत आहे. यादीतल्या माणसांच्या संख्येवर, वयावर आणि आजारपणाच्या भारावर दवाखान्याचे पैसे ठरतात. एक डॉक्टर गेला तरी यादी तिथेच राहते, माझी कागदपत्रंही तिथेच राहतात, आणि दुसरा डॉक्टर आणणं ही दवाखान्याची जबाबदारी असते.

भावाला सर्वांत नवल वाटलं ते याचं, की यातले बरेच दवाखाने चालवणारे डॉक्टर सरकारी नोकर नाहीतच. ते एनएचएसशी करार करतात आणि जागेचं भाडंही सरकार भरून देतं. सरकारी की खासगी, या आपल्याकडच्या जुन्या भांडणाला इथे जागाच नाही. म्हणूनच डागडुजीच्या पैशालाही अर्थ येतो. माणसं आहेत, बसायला खोली नाही, अशी अडचण असेल तर खोली बांधून रुग्ण वाढतात. या निधीतून वर्षाला ८३ लाख जादा अपॉइंटमेंट मिळतील असा सरकारचा दावा आहे. तो कितपत खरा ठरतो ते दिसेलच, पण निदान पैसा कशासाठी हे सांगता येतं.

इंदूरला हे जमणार नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पुढे राहिलं ते कचरापेट्या विकत घेऊन नव्हे. उलट पेट्या हटवल्या, आणि दारात रोज गाडी येऊ लागली. रोजचं काम रोज करणं या महापालिकेला येतं. घरोघरच्या याद्याही आहेत; आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरून नेतात. त्या याद्या डॉक्टरच्या मानधनाशी जोडलेल्या नाहीत, तिथे गाडं अडतं.

म्हणून वॉर्डात नवा दवाखाना मंजूर झाला की माझ्या भावाने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी नगरसेवकाला इमारतीच्या नकाशाआधी डॉक्टरच्या पाच वर्षांच्या पगाराची तरतूद विचारावी. औषधांचा साठा संपला तर कुणाला धरायचं तेही विचारावं. आणि दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवायला सांगावा, कारण सांवेर रोडच्या कारखान्यांत काम करणारा माणूस दिवसा येऊच शकत नाही.