‘सीडी५९ म्हणजे सीडी५९’? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला. इतरांना खाली शोधत बसायला नको म्हणून तिचा गोषवारा आधी देतो. मी मागच्या लेखात ‘एमईएम-४३’ या क्लोनचा (म्हणजे सीडी५९ या रक्तपेशींवरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या एका विशिष्ट अँटीबॉडीचा) उगाच बडिवार माजवला, कंपनीची जाहिरातच केली, असं तुमचं म्हणणं. मोनोक्लोनल अँटीबॉडी एकाच प्रथिनाला चिकटते, तेव्हा सीडी५९ म्हणजे सीडी५९, बाटली कुठलीही आणा. शिवाय ‘तांबड्या पेशीवर सीडी५९ नाही म्हणजे पीएनएच’ (तांबड्या पेशी फुटत राहण्याचा रक्ताचा एक आजार) हे माझं वाक्य चुकीचं आहे. आणि तुमच्याकडे एकाच रुग्णाच्या तांबड्या पेशींत ८ टक्के आणि ग्रॅन्युलोसाइट्समध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६० टक्के पेशी निगेटिव्ह, म्हणजे न रंगलेल्या, आल्या, त्यामुळे या अँटीबॉडीजचं काही खरं नाही.

त्या वाक्याबद्दल कान टोचलेत, बरं केलंत. वाक्य चूकच आहे आणि लेखात ते दुरुस्त केलंय. पीएनएचमध्ये अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीत पीआयजीए हे जनुक बिघडतं. त्यामुळे प्रथिनांना पेशीच्या पडद्याशी बांधणारा जीपीआय नावाचा नांगरच तयार होत नाही आणि त्या नांगरावर उभी असलेली सगळी प्रथिनं एकदम गायब होतात: सीडी५५, सीडी५९ आणि इतर बरीच. पण नांगर शाबूत असून फक्त सीडी५९ नसलेले रुग्णही आहेत. १९९० साली जपानमधला असा एक रुग्ण प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये उत्तर आफ्रिकी मूळ असलेल्या ज्यू कुटुंबांतल्या मुलांमध्ये सीडी५९च्या जनुकातला एकाच अमिनो आम्लाचा बदल सापडला. या मुलांना रक्तविघटनासोबत मज्जातंतूंचाही आजार होता. अशा रक्तात फ्लेअर (थेट जीपीआय नांगराला चिकटणारा चमकता रंग) नॉर्मल येतं, सीडी५५ नॉर्मल येतं आणि एकटं सीडी५९ नसतं. एकाच अँटीबॉडीवर निदान ठोकून मोकळं होणाऱ्याची इथे फसगत होते. माझी झाली असती.

आता क्लोनकडे. (क्लोन हा शब्द या कामात दोन अर्थांनी येतो, रुग्णाचा क्लोन (त्याच्या बिघडलेल्या पेशींचा वंश) आणि अँटीबॉडीचा क्लोन, आणि रात्रीच्या पाळीत दोन्हींची खिचडी होते. इथे दुसरा घ्या.) ‘सीडी५९ म्हणजे सीडी५९’ हे तुमचं म्हणणं मला इतिहासाच्या उलट वाटतं. सीडी हा क्रमांक मुळात प्रथिनांना दिलेलाच नव्हता. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी केलेल्या अँटीबॉडीज एकाच रेणूवर बसतात असं दिसलं की त्या जुडीला एक क्रमांक मिळायचा. एमईएम-४३ प्रागच्या प्रयोगशाळेची. १९८९ मध्ये त्यांनी तिचं वर्णन छापलं तेव्हा मथळ्यात ‘पांढऱ्या पेशींवर सर्वत्र आढळणारा, जीपीआयने बांधलेला घटक’ एवढाच मजकूर होता. हा घटक करतो काय, हे त्याच सुमाराला दुसरीकडचे लोक प्रोटेक्टिन, एमआयआरएल, एचआरएफ२० अशा नावांनी सांगत होते. सगळे एकाच प्रथिनाभोवती फिरत होते. व्हिएन्नाच्या कार्यशाळेत ही जुडी बांधली गेली आणि तिला ५९ आकडा मिळाला. तेव्हा आकड्याआधी क्लोन आला, हे लक्षात असू द्या.

आणि जुडीतली प्रत्येक काडी सारखी नसते. सीडी५९ हे अगदी चिमुकलं प्रथिन आहे, ७७ अमिनो आम्लांचं, पण त्यात पाच डायसल्फाइड बंध आहेत आणि त्याचा आकार त्या गाठींवर टिकून असतो. नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉल घालून जेल चालवलं की गाठी सुटतात आणि एमईएम-४३ला ओळखीचा चेहराच उरत नाही. माझ्या ओळखीच्या एका पीएचडीच्या मुलीने यावर पंधरा दिवस घालवले. अँटीबॉडी खराब आहे असं ठरवून दुसरी मागवायच्या बेतात होती. नॉन-रिड्यूसिंग, म्हणजे मर्कॅप्टोइथेनॉल न घातलेल्या, जेलवर पट्टी लगेच आली.

याहून मोठी गोष्ट म्हणजे अँटीबॉडी पेशीचं नुसतं दर्शन घेत नाही, तिच्यावर काही करतेही. सीडी५९चं काम म्हणजे कॉम्प्लिमेंट या, पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांच्या साखळीतल्या सी८ आणि सी९ यांना धरून पेशीच्या पडद्यात भोक पडू न देणं. हे काम थांबवून पाहायचं म्हणून मी एकदा निरोगी तांबड्या पेशींवर सीडी५९ रोखणारी अख्खी अँटीबॉडी टाकली, ताजं सीरम घातलं. पेशी फुटल्या. खुशीत होतो. मग कंट्रोलकडे पाहिलं. ज्या ट्यूबमध्ये कॉम्प्लिमेंट पेटवणारं काहीही घातलं नव्हतं, नुसती अँटीबॉडी आणि सीरम होतं, तिथेही द्रव लालसर. म्हणजे माझ्या अँटीबॉडीने राखणदाराला बांधून ठेवलं आणि वर तिच्याच एफसी शेपटीने कॉम्प्लिमेंटचा क्लासिकल मार्ग (अँटीबॉडीमुळे सुरू होणारा) पेटवून दिला. कुंपणानेच शेत खाल्लं. एफसी कापून उरलेले एफ(एबी)प्राइम-२ तुकडे वापरले तेव्हा कुठे नेमकं काय रोखलं जातंय ते कळलं. तेव्हा ‘कोणतीही बाटली आणा’ हे पेशी रंगवायच्या कामात एक वेळ चालेल, असल्या कामात चालणार नाही. रंगवण्यातही आयजीजी२ए जातीची उंदराची अँटीबॉडी मोनोसाइटच्या एफसी रिसेप्टरवर उगाच चिकटते, हे विसरू नका.

‘मोनोक्लोनल म्हणजे एकच’ हेही मी एकेकाळी शपथेवर सांगितलं असतं. कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला प्लीहेतली पेशी आणि मायलोमाची (कर्करोगाची) पेशी जोडून अँटीबॉडी बनवणारी हायब्रिडोमा पेशी केली तेव्हा कल्पना तीच होती. पण २०१८ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या १८५ हायब्रिडोमांचा जनुकक्रम पाहिला, तेव्हा त्यांतल्या जवळपास ३२ टक्क्यांत अँटीबॉडीच्या जास्तीच्या हेवी किंवा लाइट चेन (तिचे घटक) सापडल्या. बाटलीवर नाव एक, आत मंडळी दोन-तीन. म्हणून मी क्लोनचं नाव लिहितो आणि लॉटही (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) लिहितो. कंपनीचं नाव त्या लेखात कुठेच नव्हतं, पुन्हा वाचून बघा.

पण मला एमईएम-४३वर खरा विश्वास बसला तो कागद वाचून नव्हे, पीएनएचचं रक्त पाहून. एखादी अँटीबॉडी खरी आहे का हे पाहायला लोक जनुक काढून टाकलेल्या पेशी बनवतात. इथे निसर्गाने ते काम आधीच करून ठेवलंय, तेही एकाच ट्यूबमध्ये: त्याच माणसाच्या नॉर्मल पेशी, शेजारी सीडी५९ अजिबात नसलेल्या टाइप तीनच्या, आणि काहींमध्ये मधल्या टाइप दोनच्या. चांगल्या अँटीबॉडीत आलेखावर हे तीन डोंगर वेगवेगळे दिसतात. सीडी५५च्या अँटीबॉडीजनी तांबड्या पेशींवर ते तितके सुटे होत नाहीत, म्हणून तांबड्यांसाठी सीडी५९ आणि पांढऱ्यांसाठी फ्लेअर, अशी वाटणी रूढ झाली.

राहिला तुमचा ८ आणि ६०. यात अँटीबॉडीज भांडत नाहीयेत. निगेटिव्ह तांबड्या पेशी कॉम्प्लिमेंट रोज फोडत असतो, त्यामुळे त्या उरतातच कमी. त्यात रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशी सीडी५९ घेऊनच येतात आणि टक्का आणखी खाली जातो. ग्रॅन्युलोसाइट्सना यातलं काहीच आड येत नाही, म्हणून रुग्णाच्या क्लोनचा खरा आकार तिथे पाहायचा. वॉर्डात फोन करून या रुग्णाला शेवटची पिशवी कोणत्या तारखेला लावली ते विचारून घ्या, आणि ती तारीख रिपोर्टवर टाका.