ऊस वाढला, कडधान्य गेलं

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस पट्ट्यात पोट भरत नाही असं घर आता क्वचितच सापडेल. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तर फुकट. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) बघा, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्त कमी, आणि पाच वर्षांच्या आतली शंभरातली ३५ पोरं वयाच्या मानानं बुटकी. याला कारणं बरीच आहेत, अस्वच्छ पाणी, जुलाब, लवकर लग्नं, पण ताटाबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय.

पोट भरतंय ते गहू-तांदळानं. पूर्वी शाळूत, म्हणजे रब्बीच्या ज्वारीत, हरभरा असायचा, करडई असायची, बांधावर तूर, आणि भांगलायला, म्हणजे तण काढायला, गेलेल्या बायका येताना ओट्यात तांदुळजा, पाथरी, घोळ घेऊन यायच्या, एक रुपया न खर्चता घरात पालेभाजी. आता सलग ऊस आणि त्यावर टू-फोर-डी हे तणनाशक, रुंद पानाचं काही शिल्लकच राहत नाही. दूध डेअरीला जातं. तिकडं जत, आटपाडी, माणला पाऊस कमी, हाल जास्त, ते काही चांगलं म्हणत नाही मी, पण बाजरीची भाकरी, मटकी, हुलग्याचं माडगं हे गव्हाच्या चपातीपेक्षा अंगाला लागणारं खाणं आहे.

त्यात घरात सगळ्यात शेवटी जेवायला बसते ती बाई. तिच्यापर्यंत चपात्या उरतात, आमटी-भाजी उरत नाही. मग उपकेंद्रातनं मिळालेली लोहाची गोळी ती चहाबरोबर घेते, आणि चहानं लोह अंगात नीट शोषलंच जात नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं! लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तास-दोन तासांनी प्या, एवढंच सांगायचंय.

माझं स्पष्ट मत आहे, रेशनवर दर महिन्याला डाळ मिळालीच पाहिजे आणि अंगणवाडीत पोरांना अंडं. विकतची डाळ मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही, त्यांना ‘सकस खा’ म्हणून पोस्टर दाखवून काय उपयोग? आणि ज्यांची शेती आहे त्यांना सांगतो, उसाची लागण केल्यावर पहिले तीन-चार महिने सरीत हरभरा, भुईमूग आरामात निघतो, हंगाम बघून टाका. निघालं की सगळं अडतीला घालू नका, आधी घरच्या वर्षाचं बाजूला काढून ठेवा.