चोवीस अंशांचा उपदेश

काल भर दुपारी घरमालकांनी, म्हणजे आमच्या काकाजींनी, मला व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवले. त्यात एक हसरे कुटुंब सोफ्यावर बसलेले आहे, मागच्या भिंतीवर नवाकोरा एसी आहे, आणि एसी २४ अंशांवर ठेवून वीज वाचवण्याचा सल्ला मोठ्या हिरव्या अक्षरांत दिलेला आहे. खाली जोडलेले दोन हात. त्याआधी तासाभरापूर्वी मी त्यांना अत्यंत नम्रपणे कळवले होते की बेडरूममधला एसी आता थंडावा देत नाही, नुसती घरघर करतो, विजेचे बिल भाड्याशी स्पर्धा करू लागले आहे, तेव्हा करार पुढे वाढवण्यापूर्वी तो बदलून द्यावा. त्याचे उत्तर म्हणून हे चित्र आले. ‘बघतो’ नाही, ‘जमणार नाही’ नाही, थेट राष्ट्रीय कर्तव्याची आठवण!

मुळात त्या एसीवर अंश नाहीतच. खिडकीत बसवलेले ते पिवळट धूड आहे, त्याला एक गोल खटका आहे, आणि खटक्याभोवतीच्या आकड्यांपैकी ४ च्या पुढचे कोणाच्या तरी अंगठ्याने केव्हाच पुसून टाकले आहेत. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन, म्हणजे यंत्र विजेची किती बचत करते ते सांगणारे तारे, एसीसाठी २०१० पासून सक्तीचे झाले. हे यंत्र त्याच्याही आधीचे असावे, कारण ताऱ्यांच्या पट्टीचा त्यावर मागमूस नाही. सुरू करताच २४ अंश दाखवण्याची सक्ती १ जानेवारी २०२० पासूनच्या एसींना आहे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगते. खटका चारवरून पुसलेल्या पाचावर नेला तर किती टक्के वाचते, हे ब्युरोला विचारायचे की काकाजींना?

नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. रात्री साडेदहाला पलंगामागच्या भिंतीला पाठ टेकवली तर दचकून सरळ बसावे लागते. दिवसभर प्यायलेले ऊन स्लॅब पहाटेपर्यंत खोलीत ओकत असतो. टाकीतून येणाऱ्या पाण्याने दुपारी हातही धुववत नाहीत. गच्चीला स्वखर्चाने पांढरा उष्णतारोधक रंग लावून घेण्याची परवानगी मी गेल्या वर्षी मागितली होती. सोसायटीचे सचिव म्हणाले, गच्ची सामायिक आहे, अर्ज मालकाचा हवा. मालक म्हणाले, ‘तुम्ही आज आहात, उद्या नाही, कशाला एवढा खर्च करता?’ शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांचे राज्यव्यापी धोरण काढले. आमच्या सोसायटीचे धोरण असे की गच्चीच्या कुलपाची किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव मे महिन्यात मुलाकडे बंगळुरूला असतात.

मला सर्वांत जास्त झोंबले ते निराळेच. काकाजी स्वतःच्या बंगल्यात राहतात आणि त्या बंगल्यावर सौर पॅनेल आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते म्हटल्यावर त्यांनी लगोलग अर्ज केला. चांगलेच केले. त्यांचे बिल जवळजवळ शून्यावर आले, शिवाय पॅनेलमुळे गच्चीवर सावली पडून खालच्या खोल्याही निवल्या, असे ते मला कौतुकाने सांगतात आणि मी ‘वा वा’ म्हणतो. मात्र त्या योजनेसाठी स्वतःचे घर हवे आणि स्वतःचे छप्पर हवे. आमच्याकडे छपराची फक्त खालची बाजू आहे. मीटर त्यांच्या नावावर, यंत्र त्यांच्या पसंतीचे, भिंती त्यांच्या; तीनशे युनिटांचा टप्पा ओलांडताच चढणारा महावितरणचा दर तेवढा आमचा. ज्याच्या हातात बदल करणे आहे त्याला बिल येत नाही आणि ज्याला बिल येते त्याला खिळा ठोकायचीही मुभा नाही, एवढी साधी गोष्ट दिल्लीपासून मुंबईपर्यंत कोणत्याही ऊर्जा-बचतीच्या पत्रकात का सापडत नाही?

खिळ्यावरून आठवले. आधीच्या घराच्या मालकांनी आम्ही घर सोडताना भिंतीतली भोके टॉर्च लावून मोजली होती आणि अनामत रकमेतून संपूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापून घेतले होते. त्या भिंतींना दर पावसाळ्यात ओल येऊन पापुद्रे सुटत. पण ते ‘सगळ्यांकडेच होतं’ या सदरात मोडत असे आणि माझे खिळे नुकसानीच्या सदरात. घर मालकाने भाड्याने दिले म्हणून सोसायटी मालकाकडून ना-भोगवटा शुल्क घेते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. ते आमच्याकडून वसूल होते. छताचे जुने पंखे वीज खात होते म्हणून मी स्वतःच्या पैशाने कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे बसवले, तर ‘जाताना आमचे पंखे होते तसे लावून द्या’ अशी सूचना आली. ते तिन्ही पंखे आमच्या पलंगाखाली जपून ठेवलेले आहेत.

कायदा? केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, हे त्यात चांगले आहे. नळाचा वॉशर भाडेकरूने बदलायचा, पाण्याचे पाइप मालकाने बदलायचे, अशी तपशीलवार यादीही आहे. तापणाऱ्या स्लॅबचा त्या यादीत पत्ता नाही. तोही राज्यांनी स्वीकारला तर लागू, आणि महाराष्ट्रात आजही १९९९ चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याच्या चौदाव्या कलमाने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, पण अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारे आम्ही त्या अर्थाने भाडेकरूच नाही. नव्या इमारतींसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. भिंतींतून किती उष्णता आत यावी, छतातून किती यावी, याच्या मर्यादा तिने आखून दिल्या. पण ती राज्याने बांधकाम नियमांत आणली तर लागू, आणि आमच्यासारख्या उभ्या इमारतींनी तापत राहावे. खरे सांगायचे तर आजवर भाडेकरूच्या कामाची योजना एकच आली, २०१५ ची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला, कारण बल्ब काढून पुढच्या घरी नेता येतो.

हे सारे, कलमांच्या क्रमांकांसकट, काल रात्री मी काकाजींना लिहून काढले. ‘आपण पाठवलेल्या चित्रातील यंत्र आणि आपण दिलेले यंत्र यांत एका पिढीचे अंतर आहे’ हे वाक्य तर मला इतके आवडले की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. तिने शांतपणे विचारले, ‘करार कधी संपतो आपला?’ जूनअखेर संपतो. मी सगळा मजकूर पुसला, ‘बरं काकाजी’ असे लिहिले आणि त्यांच्यासारखेच दोन हात जोडून पाठवले. माझ्या क्रांतिकारकत्वाला बहुधा अनामत रकमेएवढीच मर्यादा आहे.

माझी पुतणी इंग्लंडात लीड्सला भाड्याने राहते. तिथेही खिडकीच्या कडेला बुरशी येते, मालक फोन उचलत नाही, हे सगळे आहेच. पण घर दाखवताना त्याचा ऊर्जा-दर्जा लिहिलेला दाखला तिला मिळाला होता, आणि २०२० पासून तिथे ‘ई’च्या खालच्या दर्जाचे घर, काही अपवाद वगळता, भाड्याने देताच येत नाही. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात, पंख्यावर २०२३ पासून सक्तीने असतात. ज्या खोलीत तो पंखा फिरतो तिच्यावर मात्र काहीच लिहिलेले नसते. पोलीस पडताळणीसाठी माझा फोटो, आधार, जुन्या घराचा पत्ता सगळे घेतले जाते. मेमध्ये दुपारी तीनला खोली किती तापते, हे मालकाला विचारणारा एकही रकाना कोणत्याही अर्जात नाही.

आज सकाळी दलालाला फोन केला. तो म्हणाला, मधल्या मजल्यावरचा एक फ्लॅट आहे, भाडे थोडे जास्त आहे, त्याची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी आणि मालकांना शाकाहारी कुटुंब हवे आहे. मी म्हणालो, शाकाहाराचे बघू, एसी किती ताऱ्यांचा आहे? ‘एसी नाही साहेब,’ तो उत्साहाने म्हणाला, ‘पण एसीचा पॉइंट काढून ठेवलेला आहे.’