‘बाहेर कोसळला तर ओढून आत घ्या’ : हा सल्ला तुरुंगात नेईल

आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. त्यात लिहिलंय: अमेरिकेत स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली तर खटला होत नाही. घरात कुणी शिरलं की खुशाल गोळी घाला. गोळी लागून तो दाराबाहेर कोसळला तर देह ओढून आत घ्या. ‘स्टँड युवर ग्राउंड’ असलेल्या राज्यात कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. तरीही खटला झालाच, तर तो निव्वळ राजकारणामुळे. खाली माझ्या भाच्याने ‘सेव्ह करून ठेवतो’ असं लिहिलं. भाचा टेक्सासमध्ये राहतो आणि त्याने नुकतंच पिस्तूल घेतलंय, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी तो ओढून आत घेण्याचा सल्ला. अमेरिकेत हा वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरतोय. टेक्सासच्या दंडसंहितेचं कलम 37.09 काढून वाचा. तपास बिघडवायच्या हेतूने पुराव्यात फेरफार करणं किंवा तो लपवणं हा गुन्हा आहे, आणि तो पुरावा म्हणजे माणसाचा मृतदेह असेल तर शिक्षा 2 ते 20 वर्षं. म्हणजे जो कदाचित निर्दोष सुटला असता, त्याने आपल्या हाताने दुसरा गुन्हा करून ठेवायचा! शिवाय हे लपतं कुठे? रक्ताचा माग उंबरठ्यावरून आत येतो, काडतुसाची पुंगळी बाहेरच पडलेली असते, समोरच्या घराचा कॅमेरा चालू असतो. समोरचा माणूस मेलाय, त्यामुळे काय घडलं हे सांगणारे तुम्ही एकटेच उरता. तुम्ही देह हलवला हे कळल्यावर ‘मला जिवाची भीती वाटली’ हे तुमचं खरं बोलणंही ज्युरी कशाला मानेल?

आता ‘घरात शिरला की गोळी’. मिनेसोटातलं लिटल फॉल्स, 2012, थँक्सगिव्हिंगचा दिवस. बायरन स्मिथ आपल्या तळघरात बंदूक घेऊन बसला होता. 17 वर्षांचा मुलगा खिडकी फोडून आत आला, काही वेळाने त्याची 18 वर्षांची नात्यातली बहीण (सख्खी नव्हे, कझिन). दोघं चोरीसाठीच घुसली होती आणि त्या घरात आधीही चोऱ्या झाल्या होत्या. तरी खटला झाला, कारण स्मिथच्याच रेकॉर्डरवर सगळं टिपलं गेलं होतं. जखमी होऊन पडलेल्या मुलांवर त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या होत्या. मुलाचा देह ताडपत्रीवर घेऊन बाजूच्या खोलीत ओढत नेला होता. पोलिसांपर्यंत बातमी गेली दुसऱ्या दिवशी. 2014 मध्ये ज्युरीने पूर्वनियोजित खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि पॅरोलविना जन्मठेप झाली.

पहिली गोळी बचावाची मानली तरी शेवटची कशी मानणार? अशी प्रकरणं कोर्टात जातात ती याच प्रश्नांवर: धोका त्या क्षणी होता का, कुरापत कुणी काढली, एवढ्या बळाची गरज होती का, दुसऱ्या कुणा समंजस माणसालाही तसंच वाटलं असतं का. पुराव्यावरून दोन्ही बाजूंनी बोलता येत असेल, तर हे ठरवणं पोलिसांचं काम नाही, ज्युरीचं आहे.

टेक्सासचा कायदा घरमालकाकडे झुकलेला आहे, एवढं मान्य करावं लागेल. कुणी बळजबरीने राहत्या घरात घुसला तर घरमालकाची भीती रास्त होती असं कलम 9.32 गृहीत धरतं. पण तुम्ही त्याला चिथावलेलं नसावं आणि स्वतः गुन्हा करत नसावं, या अटीही तिथेच आहेत. नुसतं दार ठोठावणारा त्यात बसत नाही. मिशिगनमध्ये 2013 साली गाडीच्या अपघातानंतर पहाटे दार ठोठावणाऱ्या 19 वर्षांच्या मुलीला घरमालकाने जाळीच्या दारातून गोळी घातली. तोही पुढच्या वर्षी खुनाबद्दल दोषी ठरला.

‘स्टँड युवर ग्राउंड’चा अर्थ एवढाच, की निसटून जाता येत असलं तरी मागे हटायची सक्ती नाही. बाकी अटी कायम. फ्लोरिडात खटल्याआधीच सुनावणी होऊन सुटका मिळू शकते हे खरं, पण तो निर्णयही न्यायाधीशच देतो.

राजकारणाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या 17 वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घालून मारणाऱ्या जॉर्ज झिमरमनला फेब्रुवारी 2012 मध्ये पोलिसांनी लगेच अटक केली नाही, कारण त्याने स्वतःचा बचाव केल्याचं सांगितलं. देशभर निदर्शनं झाली, गव्हर्नरने विशेष सरकारी वकील नेमला आणि एप्रिलमध्ये आरोप ठेवले गेले. दबाव होताच. पण 2013 मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. त्यावरून खटलाच खोटा होता असंही म्हणता येत नाही. आरोप ठेवायला लागतो त्याहून कितीतरी भक्कम पुरावा दोषी ठरवायला लागतो. बचावाचा मुद्दा पुराव्यानिशी पुढे आला की तो खोडून काढायची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. ओहायो तेवढं मागे राहिलं होतं, तिथेही 2019 पासून हाच नियम आहे.

ज्यांच्या घरात पिस्तूल आहे त्यांनी तो फॉरवर्ड आजच पुसून टाका. तशी वेळ आलीच तर 911 ला फोन करा, देहाला आणि पुंगळ्यांना हात लावू नका, आणि वकील आल्याशिवाय सविस्तर जबाब देऊ नका.