इडिटारोड शर्यतीबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

‘१९२५ साली बाल्टो नावाच्या कुत्र्याने एकट्याने घटसर्पाची लस नोमला पोहोचवली, त्याच्या आठवणीसाठी अलास्कात इडिटारोड शर्यत सुरू झाली’, असा मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. (इडिटारोड म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची, म्हणजे बर्फगाड्यांची, लांब पल्ल्याची शर्यत; नोम हे अलास्कातले गाव.) गोष्ट छान आहे, पण अर्धवट आहे.

घटसर्पावरचे औषध (लस नव्हे, सिरम) अँकरेजहून नेनानापर्यंत रेल्वेने गेले. पुढचे सुमारे ६७४ मैल २० स्लेजचालकांनी आपापल्या कुत्र्यांसह टप्प्याटप्प्याने पार केले. बाल्टो शेवटच्या चमूत होता. सर्वात लांब आणि धोक्याचा टप्पा सेप्पाला या चालकाच्या चमूने, टोगो या कुत्र्याच्या पुढारपणाखाली पार केला.

शर्यतीचे कारण निराळेच. १९६०च्या दशकात गावोगावी बर्फावरच्या मोटारगाड्या आल्या आणि घरामागचे स्लेज ओढणारे कुत्रे दिसेनासे होऊ लागले. कुत्र्यांची स्लेज हाकण्याची विद्या आणि डाकेचा जुना मार्ग दोन्ही जातील, या काळजीने जो रेडिंग्टन आणि डोरोथी पेज झटले. १९६७ला छोटी शर्यत झाली, १९७३ला अँकरेज ते नोम अशी पहिली मोठी. १९७८ला तो मार्ग राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरला. आजही स्पर्धकाच्या स्लेजमध्ये कुऱ्हाड, बर्फावर चालायची पादत्राणे, कुत्र्यांचे कापडी मोजे आणि टपालाची थैली असावीच लागते. मला तर ती थैलीच सर्वात बोलकी वाटते.

औषधाची आणि शर्यतीची, दोन्ही वाटा नोमला संपतात, म्हणून गल्लत होते. हे सारे शर्यतीच्या अधिकृत इतिहासात आहे. तेव्हा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.