“पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात, फाइल ग्रुपवर टाका” हा सल्ला कुणी मानू नका

मंगळवारी रात्री भाच्याचा फोन आला. मुलगा साखळीचा, आठ महिन्यांपूर्वी कळंगुटकडच्या एका हॉटेलात आयटीच्या कामाला लागला. पाऊस सुरू होण्याआधी सगळ्या स्विचच्या (संगणक, कॅमेरे नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यांच्या) कॉन्फिगचा, म्हणजे त्यांत भरलेल्या सेटिंगचा, बॅकअप घेऊन ठेव, असे मीच त्याला बजावले होते. “मामा, झाले काम. अकराही स्विचच्या फाइली ग्रुपवर टाकल्या,” तो म्हणाला. कुठल्या ग्रुपवर, असे विचारले तर उत्तर गोव्यातल्या नेटवर्किंगवाल्या मुलांच्या. दोनशेच्या वर माणसे. त्यातली निम्मी कोण, हेही त्याला सांगता येईना.

पोरगा कामचुकार नाही, उलट जे सांगाल ते मनापासून करणारा आहे. त्याच ग्रुपवर फिरत आलेला एक संदेश वाचून त्याने हे केले. दोन दिवसांत तोच संदेश मला आणखी दोघांकडून आला, एक फोंड्याहून आणि एक पेडण्याहून. म्हणून हे लिहायला बसलो.

संदेशाचा मथळा ‘स्विच बॅकअपचे टेन्शन सोडा’. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. एक, आजचे स्विच आपोआप सेव्ह करतात आणि ‘राइट मेमरी’ ही सेव्ह करायची कमांड मारली की तोच बॅकअप; स्विच जळल्याशिवाय कॉन्फिग जात नाही. दोन, फाइलमध्ये सगळे असते, नव्या स्विचवर पेस्ट केली की पाच मिनिटांत नेटवर्क उभे. तीन, पासवर्ड एन्क्रिप्टेड असतात, म्हणून फाइल ग्रुपवर ठेवायला भीती नाही, ग्रुप हाच फुकटचा बॅकअप. चार, लॅपटॉपवर फाइली पाठवण्या-घेण्यासाठी टीएफटीपी सर्व्हर कायम चालू ठेवा. पाच, बसवताना एकदा फाइल घेतली की पुरे.

सुरुवात तिसऱ्यापासून करतो. बाकीच्या चुकांनी एखादी रात्र जागावी लागेल, ही चूक हॉटेलचे दार उघडे टाकते.

सिस्को कंपनीच्या स्विचवर ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ ही कमांड दिली की फाइलमधला साधा पासवर्ड जाऊन त्या जागी ७ हा आकडा आणि त्यापुढे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ दिसू लागते. यालाच टाइप ७ म्हणतात. ती ओळ बघून माणसाला वाटते, कुलूप लागले. प्रत्यक्षात कुलपाची किल्ली जगातल्या प्रत्येक सिस्को यंत्रात एकच आहे आणि ती कितीतरी वर्षांपासून सर्वांना ठाऊक आहे. ओळीतले पहिले दोन अंक त्या किल्लीतल्या कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायची ते सांगतात. पुढचे कागद-पेन्सिलीनेही उलगडता येते. तेवढेही करायला नको. राउटरवर की-चेनमध्ये (किल्ल्या ठेवायच्या यादीत) तीच ओळ टाइप ७ म्हणून घाला आणि ‘शो की चेन’ विचारा, राउटर स्वतःच पासवर्ड वाचून दाखवतो.

हे मी भाच्याला समजावत बसलो नाही. त्याने ग्रुपवर टाकलेल्या फाइलीतली एक ओळ घेतली आणि फोन चालू असतानाच त्याला पासवर्ड वाचून दाखवला. मिनिटसुद्धा लागला नाही. पलीकडे तो एकदम गप्प झाला. तोच पासवर्ड अकराही स्विचला होता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेवर, म्हणजे एनएसएवर तरी ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी सिस्कोच्या पासवर्ड प्रकारांवर एक छोटी पुस्तिका काढली, ती कुणालाही फुकट वाचता येते. त्यात टाइप ०, टाइप ४ आणि टाइप ७ वापरू नका असे सरळ लिहिले आहे. ० म्हणजे उघडा पासवर्ड, त्याच रांगेत त्यांनी ७ ला बसवले आहे. टाइप ५ एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर चालतो, तोही टाळा म्हणतात. शिफारस आहे ती टाइप ८ ची, ज्यात पासवर्डमध्ये सॉल्ट, म्हणजे दर वेळी वेगळी अक्षरे, मिसळून तो एसएचए-२५६ या गणिती पद्धतीतून २०,००० वेळा घोळवलेला असतो. तो उलटा फिरवता येत नाही, एकेक शब्द लावून बघत बसावे लागते. टाइप ६ उलटवता येतो, पण त्याची किल्ली तुम्ही ठरवता, आणि मूळ पासवर्ड यंत्राला परत लागतो अशाच जागी तो वापरायचा आहे.

म्हणजे ‘एन्क्रिप्टेड’ या एका शब्दाखाली सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि संदेश लिहिणाऱ्याला त्यांतला फरक माहीत नाही, किंवा माहीत असून त्याने तो सांगितला नाही. दोन्हीचा परिणाम त्या पोरांच्या पदरी सारखाच.

बरे, सगळे पासवर्ड टाइप ८ चे असते तरी फाइल ग्रुपवर टाकायची नव्हती. एसएनएमपीची (दुरून स्विचवर नजर ठेवायच्या पद्धतीची) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा पासवर्डच, बहुतेक फाइलींत उघडीच असते, आणि ती लिहिण्याची मुभा असलेली असेल तर तिच्या जोरावर स्विचकडून पूर्ण कॉन्फिग मागवता येते, बदलताही येते. लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरची की पुष्कळदा टाइप ७ मध्येच पडलेली असते. स्विच जिथून हाताळतात ते मॅनेजमेंटचे आयपी पत्ते आले, कुणाला कुठे जाऊ द्यायचे त्या अ‍ॅक्सेस लिस्ट आल्या. पोर्टच्या वर्णनात आपण मोठ्या शिस्तीने ‘रिसेप्शन बिलिंग’, ‘कॅश कॅमेरा’ असे लिहून ठेवतो, तेही आले. हॉटेलात तर पाहुण्यांचे वायफाय त्याच स्विचवरून जाते. खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणाच्याही हाती ही फाइल लागली तर पुढे काय करायचे ते त्यातच लिहिलेले आहे.

‘ग्रुपच एन्क्रिप्टेड असतो’ असे पेडण्याच्या मित्राने मला ऐकवले. संदेश जाताना वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोनशे फोनांवर पोचल्यावर तो दोनशे फोनांत उघडा असतो, त्यांच्या गॅलरीत, डाउनलोडमध्ये, दुरुस्तीला दिलेल्या हँडसेटमध्ये.

आता पहिला मुद्दा. यात अर्धे खरे आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मायक्रोटिक कंपनीच्या यंत्रावर बदल केला की तो लगेच साठवला जातो. ज्युनिपर कंपनीच्या यंत्रावर कमिट केले (बदल पक्का केला) की नवे कॉन्फिग तर साठतेच, शिवाय आधीच्या ४९ आवृत्त्या यंत्र जपून ठेवते. क्लाउडवरून चालणाऱ्या स्विचचे कॉन्फिग क्लाउडवर असते. पण सिस्कोच्या नेहमीच्या कॅटॅलिस्ट स्विचवर तसे नाही. रनिंग, म्हणजे चालू, कॉन्फिग रॅममध्ये असते. ते ‘राइट मेमरी’ने स्टार्टअप कॉन्फिगमध्ये उतरवले नाही तर वीज गेल्यावर गेले. आपल्याकडे जूनमध्ये वीज किती वेळा जाते ते मी गोंयकारांना सांगायची गरज नाही. आणि उतरवले तरी ते त्याच डब्यात असते. कॅटॅलिस्ट २९६० मध्ये तर ती फ्लॅश या कायम टिकणाऱ्या मेमरीतली ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ नावाची फाइल असते. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल आणि जवळपास वीज पडली तर पोर्ट, बोर्ड, फ्लॅश सगळे एकदम जाऊ शकते. डब्याबाहेर प्रत नसेल तर तो बॅकअप नव्हे, मग स्विच कुठल्याही कंपनीचा असो.

‘जळल्याशिवाय जात नाही’ हेही खोटे. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या, नवा स्विच दुरून आपोआप बसवणाऱ्या, स्मार्ट इन्स्टॉल या सोयीचा गैरवापर करून कुणीतरी जगभरातल्या यंत्रांची स्टार्टअप कॉन्फिग पुसली आणि जागी अमेरिकेचा झेंडा ठेवला. इराणच्या दळणवळण व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने तेव्हा जगभरात सुमारे २ लाख आणि त्यांच्या देशात साडेतीन हजार यंत्रांना फटका बसल्याचे सांगितले. टीसीपी पोर्ट ४७८६ उघडे होते आणि त्या सोयीत ओळख विचारायची पद्धतच नव्हती. त्यातला एकही स्विच जळला नव्हता. तुमच्या जुन्या स्विचवर ‘शो व्हीस्टॅक कॉन्फिग’ मारून बघा, चालू दिसले तर ‘नो व्हीस्टॅक’ देऊन बंद करा.

दुसऱ्या मुद्द्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या एका कारखान्यात मधला स्विच विजेने गेला. माझ्याकडे आदल्याच आठवड्याची फाइल होती, म्हणून मी निर्धास्त होतो. तसाच दुसरा स्विच आणला, लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कन्सोल केबल लावली, फाइल पेस्ट केली. ट्रंक, म्हणजे स्विचला स्विच जोडणारे दुवे, उभे राहिले, पण कॅमेरे नाहीत, फोन नाहीत. ‘इंटरफेस व्हीलॅन ३०’ डाउन (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेले वेगळे नेटवर्क). तासभर मी केबली बदलत बसलो. मग लक्षात आले की त्या स्विचवर व्हीलॅन ३० अस्तित्वातच नाही.

व्हीटीपी ही व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारी सोय. तिच्या सर्व्हर मोडमध्ये, आणि कितीतरी कॅटॅलिस्ट कारखान्यातून त्याच मोडमध्ये येतात, व्हीलॅनची यादी रनिंग कॉन्फिगमध्ये नसते. ती फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’ या वेगळ्या फाइलीत असते. अ‍ॅक्सेस पोर्टला (जिथे एकेक यंत्र जोडतात) नेमून दिलेला व्हीलॅन पेस्ट करताना स्विच स्वतः तयार करतो, पण नुसत्या ट्रंकवरून जाणारा करत नाही. माझा मधला स्विच सगळा ट्रंकचाच. रात्री एक वाजता इतर स्विचवर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ बघून मी एकेक व्हीलॅन हाताने घातला. तेव्हापासून कॉन्फिगबरोबर ‘व्हीलॅन.डॅट’ घेतो आणि ‘शो व्हीलॅन ब्रीफ’चे उत्तरही साध्या टेक्स्टमध्ये ठेवतो. व्हीटीपी ट्रान्स्परंट केले तर यादी कॉन्फिगमध्येच येते, तोही मार्ग आहे. एसएसएचच्या, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या, किल्ल्या तर फाइलीत नसतातच, नव्या स्विचवर त्या पुन्हा तयार कराव्या लागतात, नाहीतर तसे लॉगिनच होत नाही. मॉडेल बदलले की पोर्टची नावेही बदलतात, ‘फास्टइथरनेट ०/१’ची ओळ ‘गिगाबिटइथरनेट १/०/१’वाल्या स्विचला कळत नाही. आणि चालू स्विचवर फाइल पेस्ट केली की ती जुन्यात मिसळते, जुन्या ओळी तशाच राहतात. जशीच्या तशी हवी असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ वापरा.

टीएफटीपीबद्दल दोनच वाक्ये. त्यात लॉगिन नाही, कुणाला आत घ्यायचे याची काही व्यवस्था नाही, हे १९९२ च्या त्याच्या प्रमाण दस्तऐवजातच, आरएफसी १३५० मध्ये लिहिलेले आहे. कामापुरता चालू करा, लगेच बंद करा, आणि जमेल तिथे लॉगिन मागणारे एससीपी वापरा.

एकदा फाइल घेतली की पुरे म्हणणाऱ्याने बहुधा एकच वर्ष एका जागी काम केले असावे. चवथीच्या आधी नवे कॅमेरे येतात, डिसेंबरच्या सीझनला नवे अ‍ॅक्सेस पॉइंट येतात, दर वेळी पोर्ट बदलतात. सिस्कोवर ‘आर्काइव्ह’ कमांडखाली पाथ (प्रत कुठे ठेवायची ती जागा) देऊन ‘राइट-मेमरी’ लावा, दर सेव्हला प्रत बाहेर जाते. ‘टाइम-पीरियड १४४०’ दिले की दर चोवीस तासांनीही जाते. स्विच जास्त असतील तर ऑक्सिडाइज्ड किंवा रॅन्सिड हे सगळ्यांचे कॉन्फिग गोळा करणारे प्रोग्राम. दोन्ही फुकट आहेत, आणि कालच्या आणि आजच्या फाइलीत कुठली ओळ बदलली तेही दिसते.

भाच्याने त्याच रात्री ग्रुपवरचे संदेश पुसले, पण डाउनलोड झालेल्या फाइली पुसल्या जात नाहीत, म्हणून बुधवारी सकाळी आम्ही पासवर्ड बदलायला घेतले. आधी एसएनएमपीच्या स्ट्रिंग काढल्या, मग लॉगिन आणि इनेबलचे (पूर्ण अधिकार देणारे) पासवर्ड, प्रत्येक स्विचला वेगळा आणि टाइप ८ मध्ये. मॅनेजमेंटला पाहुण्यांच्या व्हीलॅनमधून येणारी वाट बंद केली. रेडियसची की शेवटी ठेवली आहे, कारण ती सर्व्हरवर आणि स्विचवर एकाच बैठकीत बदलावी लागते. सात स्विच झाले, चार राहिलेत. ते सोमवारी दुपारी, चेक-आउटची गर्दी ओसरल्यावर.

हा संदेश वाचून ज्यांनी आपल्या फाइली कुठे टाकल्या असतील त्यांनी याच क्रमाने जा. कन्सोल केबल जवळ ठेवूनच सुरुवात करा.